तार दिसत नाही, खांब दिसतो

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे काय की' एवढं गाळून टाकलंय.

खर्डा म्हटलं की इतिहासाची आवड असलेल्यांना एकच गोष्ट आठवते. 11 मार्च 1795, मराठे विरुद्ध निजाम. ती लढाई आज नाही. आज मी तुम्हाला खर्ड्याच्या जमिनीकडे नाही, आभाळाकडे बघायला सांगणार आहे. आणि आभाळ म्हणजे ढगांचं उंचावरचं आभाळ नाही. जमिनीपासून साधारण पाच मीटर ते पन्नास-साठ मीटर, एवढाच पट्टा.

आमच्या किल्ल्याजवळ एक भगवा ध्वज आहे. 15 ऑक्टोबर 2021 ला, दसऱ्याच्या दिवशी तो फडकवला गेला. खांबाची उंची 74 मीटर. गावात शिरायच्या आधीच दिसतो. आता त्याच ध्वजाकडे बघत बघत रानातून चाला. तुमच्या आणि ध्वजाच्या मधे किती तारा आल्या, मोजा. मी एकदा मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं. विहिरीवरच्या मोटारीला जाणारी तीन तारांची लाईन, डीपीकडे वळलेली दुसरी, वस्तीवरची केबल, लांब डोंगराकडे गेलेले मोठे टॉवर. रोज बघतो म्हणून ते दिसेनासं झालंय.

आजचा भाग आहे या तारांवर आणि त्यांना धडकणाऱ्या हेलिकॉप्टरांवर.

25 मे 2017, निलंगा

खर्ड्यापासून सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटरवर लातूर जिल्ह्यातलं निलंगा. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिकडच्या दौऱ्यावर होते. हलगरा गावात जलसंधारणाच्या कामावर श्रमदान झालं. दुपारी बाराच्या सुमारास ते निलंग्याहून परत निघाले. हेलिकॉप्टर राज्य सरकारचं, सिकोर्स्की कंपनीचं एस-76. आत दोन वैमानिक धरून सहा जण.

हेलिकॉप्टर उठलं. थोडं वर गेलं आणि हवं तसं चढेना. वाऱ्याची दिशा बदलतेय असं वैमानिकाला जाणवलं, म्हणून परत खाली उतरायचं ठरवलं, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं. उतरता उतरता हेलिकॉप्टर विजेच्या तारांत अडकलं आणि वस्तीच्या कडेला कोसळलं. आतले सहाही जण वाचले. थोड्याच वेळात मुख्यमंत्र्यांनी स्वतः ट्वीट करून आम्ही सुखरूप आहोत असं कळवलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. होस्टेलवर तो व्हिडिओ आम्ही दहा-दहा वेळा बघितला. धुरळा, पंखा, आणि मग एकदम खाली. प्रत्येक वेळी माझं लक्ष हेलिकॉप्टरकडेच. तारा कुठे आहेत हे आम्हाला कुणालाच पहिल्यांदा दिसलं नाही. आपल्याला शेवट माहिती असताना, मोबाईल थांबवून थांबवून बघताना दिसत नाही, तर वर बसलेल्या माणसाला काय दिसणार?

दोन इतिहास, एकच उंची

आता जरा मागे जाऊ. हेलिकॉप्टर आणि विजेची तार, या दोन गोष्टी आपल्याकडे अगदी वेगवेगळ्या वाटांनी आल्या.

हेलिकॉप्टरची वाट अशी. इगोर सिकोर्स्की नावाचा, रशियन साम्राज्यातल्या कीव्हमध्ये जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला इंजिनिअर. त्याचं व्हीएस-300 हे यंत्र 14 सप्टेंबर 1939 ला पहिल्यांदा जमिनीवरून उठलं. चालवायला तो स्वतः बसला होता. उड्डाण काही सेकंदांचंच, आणि गंमत म्हणजे ते यंत्र तेव्हा जमिनीला बांधलेलं होतं. उलटून पडू नये म्हणून. मोकळं उड्डाण झालं पुढच्या वर्षी, मे 1940 मध्ये. म्हणजे हेलिकॉप्टरच्या जन्माच्या वेळी दोराने त्याला सांभाळलं होतं. निलंग्याला पडलेलं हेलिकॉप्टर त्याच सिकोर्स्कीच्या कंपनीचं. भारतात हवाई दलाकडे पहिलं हेलिकॉप्टर आलं 1954 ला, तेही सिकोर्स्कीचंच, एस-55.

तारांची वाट वेगळी. 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटातली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. पण ती तार शहराकडे जाणारी होती. खेड्याकडे तारा वळल्या त्या मुख्यतः 1960 नंतर, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आल्यावर. कारण होतं विहिरीवरची मोटार. आमच्याकडच्या दुष्काळी भागात वीज आधी मोटारीला आणि मग घरातल्या बल्बला, असंच अनेक ठिकाणी झालं. मोटार जिथे, तिथे तार. विहीर रानाच्या मधोमध असेल तर तारही रानाच्या मधोमध. रस्त्याच्या कडेने शिस्तीत जाणारी ती तार नव्हतीच कधी.

या तारांना दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या घरात ज्वारीबरोबर कांदा पिकायला लागला तो त्यांच्यामुळे. माझी फी त्यातूनच भरली गेली.

तर एका बाजूला रानभर तारा वाढत गेल्या. दुसऱ्या बाजूला हेलिकॉप्टर विमानतळ सोडून रानात उतरायला लागलं. प्रचारसभा, पूर, दौरे, आजारी माणसाला हलवणं. विमान तारांच्या पट्ट्यातून फक्त धावपट्टीजवळ जातं, आणि तिथली जागा मोकळी ठेवलेली असते. हेलिकॉप्टरचं कामच असं आहे की त्याला कुठेही उतरायचंय. म्हणजे त्याला तो पाच ते साठ मीटरचा पट्टा कुठेही ओलांडायचाय. जातानाही आणि येतानाही.

वैमानिकाला तार का दिसत नाही?

गावाकडची 11 केव्हीची लाईन, म्हणजे 11 हजार व्होल्टची. खांब साधारण आठ-नऊ मीटरचा. तार बोटाएवढी किंवा त्याहून बारीक. खालून बघितली तर स्पष्ट दिसते, कारण मागे उजळ आभाळ असतं. पण वरून बघा. मागे नांगरलेलं रान, वाळलेलं गवत, बाभळी. राखाडी तार त्यात विरघळून जाते.

आता वेग धरा. ताशी 120 किलोमीटर हा हेलिकॉप्टरसाठी फार मोठा वेग नाही. म्हणजे सेकंदाला 33 मीटर. तार शंभर मीटरवर दिसली तर हातात तीन सेकंद. त्यात बघायचं, समजायचं, दांडा हलवायचा आणि मग हेलिकॉप्टरने वळायचं. बाईकवर अचानक कुत्रं आडवं आल्यावर आपल्याला काय वाटतं ते आठवा. इथे ते कुत्रं दिसतही नाहीये.

आणखी एक सापळा आहे. मोठ्या टॉवरच्या लाईनवर सगळ्यात वर एक बारीक तार असते, वीज पडली तर ती जमिनीत नेण्यासाठी. खालच्या जाड तारा आधी नजरेत येतात. वैमानिक त्या ओलांडायला वर चढतो आणि नेमका त्या बारीक तारेच्या उंचीवर येतो.

तार एका जागी स्थिरही नसते. उन्हात तापली की लांबते आणि झोळ वाढतो. सकाळी होती त्याहून दुपारी खाली आलेली असते. आणि हेलिकॉप्टरचंही उन्हाळ्यात हाल असतं. गरम हवा विरळ. 15 अंशांच्या हवेपेक्षा 40 अंशांची हवा त्याच दाबाला जवळपास 8 टक्के हलकी असते. पंख्याला पकडायला तेवढी हवा कमी, इंजिनचाही जोर कमी. त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी मराठवाड्याच्या पठारावरून हेलिकॉप्टर सरसर वर जात नाही. तारांच्या पट्ट्यात ते जास्त वेळ रेंगाळतं.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने अशा धडकांचा अभ्यास केला, त्यात पिकांवर फवारणी करणारे वैमानिक बरेच होते. निम्म्याहून कितीतरी जास्त वैमानिकांना ती तार तिथे आहे हे आधीपासून माहिती होतं! बघितली होती, लक्षात ठेवली होती, आणि कामाच्या नादात विसरले. आम्ही प्रोग्रामर लोक रोज हेच करतो. सगळ्यात वाईट बग तोच असतो, जो सकाळी दिसलेला असतो आणि संध्याकाळी डोक्यातून गेलेला असतो. फक्त आमच्याकडे माणूस मरत नाही.

तार कापणारं पातं

मग यावर उपाय शोधला की नाही? शोधला. आणि ती गोष्ट भारी आहे.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात आणि त्यानंतर सैन्यांनी हेलिकॉप्टर झाडांच्या शेंड्याला लागून उडवायला सुरुवात केली, शत्रूच्या रडारपासून आणि क्षेपणास्त्रांपासून लपण्यासाठी. क्षेपणास्त्रापासून लपले आणि तारांत सापडले. कॅनडाच्या संरक्षण खात्यात नेल्सन चॅन नावाचे इंजिनिअर होते. 1970 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक साधी युक्ती काढली. हेलिकॉप्टरच्या कपाळावर एक आणि पोटाखाली एक, अशी पाचरीसारखी पाती बसवायची. काचेवरून तार घसरून वरच्या किंवा खालच्या पात्यात जाईल अशी पट्टी लावायची. तार पात्यात शिरली की हेलिकॉप्टरच्या स्वतःच्या वेगानेच कापली जाते. मोटार नाही, सेन्सर नाही, बटण नाही.

1979 मध्ये अमेरिकी लष्कराने नासाच्या लँगली केंद्रात याची चाचणी घेतली. तिथे एक अवाढव्य लोखंडी सांगाडा आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर उतरायचा सराव त्याच सांगाड्याखाली केला होता. त्याच सांगाड्याला हेलिकॉप्टर झोपाळ्यासारखं टांगलं आणि ताणलेल्या तारांवर सोडलं. पात्यांनी तारा कापल्या. आज जगभरातल्या अनेक लष्करी आणि पोलिसी हेलिकॉप्टरांच्या कपाळावर तुम्हाला शिंगासारखं काहीतरी दिसेल, ते हेच.

पण पात्याला मर्यादा आहेत. तार नेमकी वरच्या आणि खालच्या पात्यांच्या मधल्या भागात यायला हवी, आणि हेलिकॉप्टरला पुढे जायचा पुरेसा वेग हवा. तार पंख्याला किंवा शेपटीला लागली तर पात्याचा काही उपयोग नाही. उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या क्षणी, जेव्हा वेग जवळपास नसतोच, तेव्हाही नाही. म्हणजे निलंग्यासारख्या प्रसंगात कपाळावर पातं असून-नसून सारखंच.

दुसरा उपाय तुम्ही हायवेवरून जाताना बघितला असेल. नदीवर किंवा दरीवर मोठ्या लाईनला लाल-पांढरे किंवा नारिंगी गोळे लावलेले असतात. खालून टेनिसच्या चेंडूएवढे वाटतात, पण आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते किमान 60 सेंटिमीटर व्यासाचे असतात. हा उपाय चांगलाच आहे. पण तो मोठ्या लाईनला. रानातल्या 11 केव्हीला कोण गोळे लावणार, आणि किती?

तिसरा उपाय माझ्या धंद्यातला. अडथळ्यांचा डेटाबेस. वैमानिकाच्या स्क्रीनवर टॉवर, डोंगर, चिमण्या दिसतात आणि जवळ गेलं की यंत्र ओरडतं. आमच्या ध्वजासारखा 74 मीटरचा खांब अशा यादीत बसवणं सोपं आहे. पण गेल्या महिन्यात कुणीतरी वस्तीवर टाकलेली फायबरची केबल? ती कुठल्याच यादीत नसते. ती फक्त त्या वस्तीला माहिती असते.

उत्तराखंडच्या तारा

ही गोष्ट काल्पनिक नाही. ऑगस्ट 2019 मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात आराकोट भागात मोठा पूर आला. 21 ऑगस्टला मदतसामग्री पोचवणारं एक हेलिकॉप्टर तारेत अडकून कोसळलं. तिघं गेले. तार विजेची नव्हती, सफरचंदाच्या पेट्या दरीतून पलीकडे नेणाऱ्या ट्रॉलीची होती. दोनच दिवसांनी त्याच भागात दुसऱ्या हेलिकॉप्टरला तारेमुळेच नदीच्या पात्रात तातडीने उतरावं लागलं. सफरचंद पिकवणाऱ्या प्रत्येक माणसाला ती तार माहिती होती. शिदोरी घेऊन येणाऱ्यालाच नव्हती.

आणि 8 मे 2025. गंगोत्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गंगनानीजवळ यात्रेकरूंचं हेलिकॉप्टर पडलं. सात जणांपैकी सहा गेले, त्यात मुंबईच्या महिला होत्या. विमान अपघात तपास ब्युरोच्या प्राथमिक अहवालात लिहिलंय की हेलिकॉप्टर महामार्गावर उतरायचा प्रयत्न करत होतं आणि त्याच्या मुख्य पंख्याचं पातं रस्त्याला समांतर जाणाऱ्या फायबर केबलला लागलं. फायबर केबल. ज्यातून आपण रील बघतो, हा पॉडकास्ट ऐकतो, ती.

महाराष्ट्रातही निलंग्यावर गोष्ट संपली नाही. जानेवारी 2018 मध्ये मीरा-भाईंदरमध्ये मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरत असताना हेलिपॅडजवळची केबल वैमानिकाला वेळेत दिसली आणि त्याने हेलिकॉप्टर सावरलं. दिसली म्हणून ती बातमी छोटी झाली.

तात्यांचा नियम

आता परत खर्ड्यात. गेल्या पावसाळ्यात मी गावी होतो. तुरीवर फवारणीसाठी ड्रोनवाला पोरगा आला होता. विशीचा असेल. त्याने बांधावर पेटी उघडली, पंखे जोडले, टॅबवर रानाचा नकाशा काढला. सगळं एकदम चकाचक. मी इंजिनिअर म्हणून कौतुकाने बघत होतो.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, बांधावरून म्हणाले, "थांब पोरा. आधी तारा दाखवतो."

पोरगा म्हणाला, "तात्या, दिसतायत की. नकाशात पण टाकल्यात."

"तार कुठं दिसती उन्हात? खांब बघायचा. आन् खांबाला ताण कुठनं आलाय ते बघायचं."

आणि दोघं रानाला वेढा घालून आले. तात्या पुढे, पोरगा टॅब घेऊन मागे. ओढ्याकडच्या खांबाचा ताण, म्हणजे खांब उभा राहावा म्हणून जमिनीत तिरकी रोवलेली तार, झुडपात पूर्ण झाकलेली होती. पोराच्या नकाशात ती नव्हती. मी त्या रानात लहानाचा मोठा झालो, मलाही ती आठवत नव्हती. पोराने तिथे टॅबवर खूण केली आणि मग ड्रोन उडवला.

नंतर मी हेलिकॉप्टर वैमानिकांच्या प्रशिक्षणातलं वाचत बसलो, तर तिथे पहिलाच धडा हा. तार शोधू नका, खांब शोधा. दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच धरून चाला, दिसो वा न दिसो. आणि लाईन ओलांडायचीच असेल तर खांबाच्या किंवा टॉवरच्या डोक्यावरून ओलांडा, कारण टॉवर दिसतो आणि तारेची सगळ्यात उंच जागा तिथेच असते. तात्या सातवी शिकलेत. कधी विमानात बसले नाहीत. तारेखाली चाळीस वर्षं वैरणीच्या गाड्या नेल्यात, तेवढंच.

मला हा सगळा इतिहास वाचून एवढंच कळलं. पातं आलं, गोळे आले, डेटाबेस आला, आणि या सगळ्यांनी जीव वाचवले. पण तारेची शेवटची माहिती अजूनही जमिनीवरच्या माणसाकडे असते. वायरमनकडे, मोटार चालू करायला रात्री रानात जाणाऱ्याकडे, ट्रॉली ओढणाऱ्याकडे. ती माहिती वर पोचली की हेलिकॉप्टर उतरतं. नाही पोचली की पडतं.

म्हणून तुम्हाला सांगतोय. आपल्या गावात हेलिकॉप्टर येणारच आहे. निवडणूक तर दर थोड्या दिवसांनी असतेच, उद्या पुरात येईल, परवा कुणाच्या तरी आईला दवाखान्यात न्यायला येईल. शाळेच्या मैदानावर चुन्याने 'एच' आखलेला दिसला की रील काढायच्या आधी एक चक्कर मारा. मैदानाच्या चारी बाजूंनी काय काय लटकतंय बघा. नवीन टाकलेली केबल, मांडवाची लायटिंग, पताकांची दोरी, झाडात लपलेली सर्व्हिस वायर. जागा बघायला आलेल्या पोलिसांना किंवा बांधकाम खात्याच्या माणसाला सांगा. लाजू नका. "त्यांना माहिती असेलच" असं प्रत्येकाला वाटतं आणि म्हणूनच कुणी सांगत नाही.

आणि देव न करो, कधी तार तुटून पडलीच, हेलिकॉप्टरमुळे किंवा वादळामुळे, तर पळत जवळ जाऊ नका. पडलेली तार मेलेली नसते. किमान दहा मीटर लांब थांबा, इतरांनाही थांबवा, 1912 वर फोन करा आणि वायरमनने लाईन बंद केली असं सांगेपर्यंत हात लावू नका. मदतीला धावणारा माणूस दुसरा बळी ठरतो, हे आपल्याकडे दर पावसाळ्यात घडतं.

काल हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी तात्यांना फोन केला. म्हटलं, तात्या, तुमचं नाव घेऊ का पॉडकास्टमध्ये? म्हणाले, "माझं नाव कशाला घेतूस? त्या वढ्याकडच्या ताणाला जुनं लाल फडकं बांधलंय, तेवढं सांग. पुढच्या टायमाला पोराला हुडकायला नको."

तर तेवढं सांगितलं. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत वर बघून चाला.